प्रशासक, परवानगी, अधिकार, हक्क : डेटाबेसवर कुठला शब्द कुठे?

तापीकाठ : जळगाव जिल्ह्यातल्या एका पतसंस्थेचा डेटाबेस सर्व्हर सांभाळतो. कर्मचाऱ्यांसाठी मराठीत सूचनापत्र काढलं. त्यात लिहिलं, 'सर्व्हरवर यापुढे दोनच प्रशासक राहतील.' अर्ध्या तासात कॅशियरबाई घाबऱ्याघुबऱ्या आल्या. "भाऊ, आपल्यावर प्रशासक कधी बसला?" पतसंस्थेत या शब्दाचा एकच अर्थ, संचालक मंडळ बरखास्त! ते 'अ‍ॅडमिन' करून टाकलं. पण कुणाला काय करता येईल हे ठरवणाऱ्या 'ग्रँट', 'रिव्होक' या डेटाबेसच्या आज्ञांचं काय? परवानगी, अधिकार, हक्क असे तिन्ही शब्द मी एकाच पानावर आलटूनपालटून वापरलेत.

अमळनेरी : तिन्हींत फरक आहे. परवानगी दर वेळी मागायची. अधिकार एकदा देऊन ठेवतात. हक्क मुळातलाच. सालदाराला विहिरीवरच्या मोटारीची किल्ली दिली की पाणी भरण्याचा अधिकार आला. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, साल संपलं, किल्ली परत. सातबाऱ्यावर त्याचं नाव चढत नाही. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्येही टेबल, म्हणजे नोंदींचा तक्ता, ज्याच्या मालकीचं, ते उडवण्याचा हक्क त्याचा. तो सुटा काढून ग्रँटने दुसऱ्याला देताच येत नाही. तेव्हा ग्रँट म्हणजे अधिकार देणे, रिव्होक म्हणजे काढून घेणे. 'प्रदान' आणि 'निरसन' कृपा करून नको.

कळण्याची भाकरी : आणि 'विथ ग्रँट ऑप्शन'? म्हणजे मिळालेला अधिकार पुढे वाटण्याची मुभा. पोटभाडेकरू, पोटकंत्राट असतं, तसा मी 'पोटअधिकार' म्हणतो. हा शब्द मला फजितीतून सुचला. मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसवर नोकरी सोडून गेलेल्याचे अधिकार काढले आणि निवांत झालो. त्याने शिकाऊ पोराला दिलेले मात्र तसेच राहिले, पोरगं महिनाभर नोंदी बदलत होतं. भाडेकरू गेला, पोटभाडेकरू घरातच! पोस्टग्रेस अशा वेळी अडून बसतं. 'कॅस्केड', म्हणजे पुढे वाटलेलेही काढ, असं लिहिल्याशिवाय मूळ अधिकार काढू देत नाही.

तापीकाठ : पोटअधिकार घेतला. 'रोल'ला काय? 'भूमिका' म्हटलं की गॅदरिंग आठवतं.

अमळनेरी : हुद्दा. माणूस बदलतो, हुद्दा राहतो. अधिकार हुद्द्याला द्यायचे आणि माणसाला हुद्द्यावर बसवायचं. मायएसक्यूएलमध्ये ही सोय 8.0 पासून, म्हणजे 2018 पासून आली.

कळण्याची भाकरी : पोस्टग्रेसला हा शब्द पुरणार नाही. तिथे 2005 च्या 8.1 पासून वापरकर्ता आणि गट दोन्ही रोलच. माणूसही हुद्दा, हुद्दाही हुद्दा. मी तिथे 'रोल'च ठेवतो.

तापीकाठ : आमचं मायएसक्यूएल आहे, हुद्दा चालेल. 'खातं' मात्र गाळलं, कारण 'अ‍ॅडमिनचं खातं बंद' वाचून कुणीतरी शिल्लक विचारली असती, 'लॉगिन' लिहिलं. नवा मजकूर असा : 'कॅशियर या हुद्द्याला नोंदी पाहण्याचा आणि नव्या करण्याचा अधिकार, बदलण्याचा, खोडण्याचा नाही. पोटअधिकार कुणालाही नाही.' बाईंना वाचून दाखवला. म्हणाल्या, "आणि माझ्याकडून चुकलं तर?" म्हटलं, वहीत करायच्या तशी उलट नोंद करा.