मुलींच्या वंशाने चालणारी जमीन: पश्चिम सुमात्राच्या गावात मालकी नेमकी कोणाची?

केजकर (प्रश्न):

नमस्कार. आमची कोरडवाहू जमीन केज तालुक्यात आहे. वडील गेल्यानंतर वारसनोंदीसाठी तलाठी कार्यालयात गेलो, तेव्हा आम्हा दोघा भावांबरोबर तिन्ही बहिणींची नावे फेरफाराला लागली, आणि त्याच आठवड्यापासून भावकीतली मंडळी 'हक्कसोड कधी करून घेता' असे विचारू लागली. बहिणींनी स्वतःहून काहीच म्हटलेले नाही. त्यांनी काही म्हणावे अशी कोणाची अपेक्षाही दिसत नाही.

माझा भाचा इंडोनेशियात, पश्चिम सुमात्रा प्रांतात नोकरीला आहे. हा विषय फोनवर निघाला तेव्हा तो म्हणाला, की तिथल्या मिनांगकाबाऊ लोकांच्या गावांत घर आणि भातशेती आईकडून मुलीकडे जाते, मुलाकडे जात नाही, आणि हे लोक मुसलमान असूनही ही रीत त्यांनी सोडलेली नाही. आत्या शेजारी बसून ज्वारी निवडत होती. तिने सूप खाली ठेवून विचारले, "मग तिथले गडी काय खातात?" आम्ही सगळे हसलो, पण प्रश्न अगदी बरोबर आहे असे मला नंतर वाटले.

तेथे राहिलेल्या किंवा या विषयाची माहिती असलेल्या सदस्यांनी कृपया सांगावे: अशा गावात जमिनीच्या कागदावर नाव कोणाचे असते, ज्या बाईकडे जमीन आहे ती एकटी ती विकू शकते का, आणि भावाला व नवऱ्याला काय मिळते?

बॉयलरवाला:

केजकर सर, मी धाराशिव जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्यात बॉयलरवर होतो आणि नंतर चार वर्षे पश्चिम पासामान जिल्ह्यात पामतेलाच्या गिरणीत काम केले. (आपल्याकडे बॉयलरमध्ये उसाचे चिपाड जाते, तिथे पामफळाचा चोथा आणि टरफल, बाकी जाळ तोच.) राहायला गिरणीपासून काही अंतरावरच्या एका वस्तीत होतो. तिथे गावाला 'नागारी' म्हणतात. घरमालकीण साठीच्या पुढची होती आणि सगळे तिला 'एतेक', म्हणजे मावशी, म्हणायचे.

पहिली गोष्ट अशी, की तिथे दोन प्रकारची मालमत्ता मानतात. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली जमीन आणि मूळ घर हे 'पुसाको तिंगी', म्हणजे उंच वारसा, आणि माणसाने स्वतः कमावलेले ते 'पुसाको रांडाह', म्हणजे खालचा वारसा. भाच्याने सांगितलेली रीत पहिल्या प्रकाराला लागू आहे. स्वकष्टार्जित मालमत्ता शरियतप्रमाणे मुलगे आणि मुली दोघांत वाटावी, असे तिथल्या धर्मपंडितांनी आणि परंपरेच्या प्रमुखांनी १९५२ साली बुकिटिंगी येथे एकत्र बसून मान्य केले. म्हणून मुलगा अगदीच रिकाम्या हाताने जातो असे नाही.

दुसरी गोष्ट आपल्या मूळ प्रश्नाची. एतेककडे पाण्याखालची तीन खाचरे होती, पण ती 'माझी' असे ती कधी म्हणत नसे. जमीन तिच्या 'काउम'ची, म्हणजे एका आजीच्या लेकींपासून वाढलेल्या सगळ्या कुटुंबाची. त्यातली ही तीन तिच्या वाट्याला कसायला आणि खायला दिलेली. ती स्वतः चिखलात उतरत नव्हती. शेजारचा एक जण अर्धेलीने करायचा आणि कापणी झाली की निम्मे भात पोत्यांत भरून ओसरीवर आणून टाकायचा, आपल्याकडच्या बटईसारखेच. विकण्याचा विषय निघाला तर त्यांच्यात एक म्हण आहे: विकले तरी किंमत तिला खात नाही, गहाण टाकले तरी गहाण तिला खात नाही. म्हणजे जमीन काउमच्या हातून कायमची जात नाही.

गहाण मात्र टाकता येते, आणि त्याची कारणे परंपरेने चारच सांगितली आहेत: घरात प्रेत पडले आहे आणि खर्चाला पैसा नाही, वयात आलेल्या मुलीचे लग्न राहिले आहे, मोठ्या घराचे छप्पर गळते आहे, किंवा कुळाच्या प्रमुखाची रिकामी पडलेली गादी पुन्हा उभी करायची आहे. मी असताना एतेकच्या मूळ घराचे छप्पर खरोखरच गळत होते. ते घर म्हणजे 'रुमाह गादांग', म्हशीच्या शिंगांसारखी टोके वर गेलेले. पूर्वी ताडाच्या काळ्या तंतूंनी शाकारलेले, आता पत्र्याचे. पुढच्या अंगणात धान्याची लाकडी कोठारे असायची, त्यांना 'रांकियांग' म्हणतात, आणि त्यांतले एक केवळ टंचाईसाठी राखलेले असे. आपल्याकडच्या पेवांची मला आठवण झाली. तर छपरासाठी एक खाचर गहाण टाकायचे ठरले. एतेकचा भाऊ, दोघी बहिणी आणि बहिणींच्या मोठ्या मुली चटईवर गोल बसल्या, जकार्तातल्या धाकट्या भावाला फोन लावून स्पीकरवर ठेवला, आणि सगळ्यांनी होकार दिल्यावरच कागद झाला. रक्कम रुपियात लिहिली नाही, सोन्यात लिहिली. तिथे गहाणाचे माप 'एमास' असते आणि एक एमास म्हणजे अडीच ग्रॅम. उद्या रुपियाची किंमत घसरली तरी सोने परत केले की जमीन परत, आणि तोवर गहाण घेणारा ती कसून खातो. आपल्या भागात सावकाराच्या व्याजात गेलेल्या जमिनी मी पाहिल्या आहेत, म्हणून हे सोन्याचे माप मला फार शहाणपणाचे वाटले.

आता आत्याबाईंचा प्रश्न. गडी बाहेरगावी कमावतो. याला 'मेरांताऊ' म्हणतात. तरुण पोराने गाव सोडून व्यापाराला किंवा नोकरीला जावे ही तिथली जुनी रीत आहे, आणि इंडोनेशियाभर दिसणारी पाडांग पद्धतीची खानावळ याच लोकांची. पूर्वी वयात आलेली मुले आईच्या घरी झोपतसुद्धा नसत, गावच्या 'सुराऊ'त, म्हणजे प्रार्थनागृहात, झोपत. नवरा बायकोच्या घरी राहतो. त्याला 'सुमांदो' म्हणतात आणि जळक्या बुंध्यावरची राख, फुंकर मारली की उडाली, असे त्याचे वर्णन करतात. आपल्याकडे घरजावयाला जे ऐकावे लागते ते तिथे प्रत्येक जावयाला ऐकावे लागत असावे! पण हाच माणूस आपल्या बहिणीच्या घरी मोठा असतो. तिथे तो 'मामाक' असतो. हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा गावाकडचेच कोणी बोलते आहे असे वाटले. भाच्यांची लग्ने, जमिनीचे तंटे, सगळ्यांत मामाकचा शब्द चालतो. मामाच्या मुलीशी लग्न तिथेही चांगले मानतात.

निवृत्त भूमापक:

वरील उत्तर उत्तम आहे. कागदाच्या बाजूने थोडी भर घालतो, कारण माझी नोकरी मोजणीत गेली आणि खरी अडचण मला तिथेच दिसते.

इंडोनेशियाचा मूळ जमीन कायदा १९६० सालचा आहे. त्याने समाजाच्या परंपरागत सामाईक हक्काला, ज्याला 'उलायात' म्हणतात, मान्यता दिली, पण ती राष्ट्रहिताशी आणि इतर कायद्यांशी सुसंगत असेल तेवढीच. जमिनीच्या मालकीचे प्रमाणपत्र घेण्याची वेळ येते तेव्हा कुटुंबाच्या जमिनीवर अनेकदा कुटुंबप्रमुख मामाकचे नाव पडते, आणि सोबत 'रांजी' नावाची वंशावळ जोडतात, ज्यात वंश आईच्या बाजूने लिहिलेला असतो. मामाक वारला की त्याची स्वतःची मुले, जी परंपरेने त्यांच्या आईच्या काउमची असतात, प्रमाणपत्र दाखवून हक्क सांगू शकतात. 'एकत्र कुटुंब कर्ता' म्हणून एका भावाचे नाव लागलेले सातबारे आणि पुढच्या पिढीत त्यावरून झालेले दावे ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना अधिक सांगायला नको.

गहाणाचेही तसेच. १९६० च्याच दुसऱ्या एका कायद्याप्रमाणे शेतजमीन सात वर्षे किंवा अधिक गहाण राहिली, तर ती पैसे न घेता परत करावी लागते. परंपरा मात्र सोने दिल्याशिवाय जमीन सोडू देत नाही. तसेच पामच्या मळ्यांसाठी गावांनी दिलेली उलायात जमीन. गावाच्या समजुतीने ती वापरायला दिलेली असते, तर शासनाच्या नोंदीत लागवडीच्या हक्काची मुदत संपली की जमीन सरकारजमा समजली जाते. बॉयलरवाला साहेब ज्या जिल्ह्यात होते तिथे हा वाद जुना आहे.

नांदेडची शिक्षिका:

भाऊ, एक सावधगिरीचा शब्द. हे वाचून तिथे बायकांचे राज्य आहे असा समज होऊ नये. बैठकीत बोलतो तो मामाक, कुळाचा प्रमुख पुरुषच, आणि गावच्या परंपरा-सभेतही पुरुषच अधिक दिसतात. बाईच्या हातात निर्णय एकटीचा नाही. मात्र तलाक झाला तर कपड्यांचे बोचके घेऊन बाहेर पडतो तो नवरा; बाई जिथे जन्मली त्याच घरात राहते. आपल्याकडे नवऱ्याने टाकलेली मुलगी माहेरी परत येते तेव्हा वहिनीच्या चुलीपाशी तिची जी जागा असते, ती मी माझ्या बहिणीच्या बाबतीत पाहिली आहे. आम्ही दोघींनी हक्कसोडीवर सही केली होती, आणि ती करताना भाऊ आम्हांला साडी घेऊन आला होता.

कायद्याने मुलगी १९९४ पासून महाराष्ट्रात आणि २००५ पासून देशभर जन्मतः सहदायाद, म्हणजे वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतकीच हक्कदार, आहे. शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली तेव्हा मराठवाड्यातल्याही काही शेतकऱ्यांनी जमिनीचा तुकडा बायकोच्या नावे केला. ते आपखुशीचे होते म्हणून लक्षात राहिले. आपल्या बहिणी काही बोलत नाहीत असे आपण लिहिले आहे. त्यांना विचारले आहे का?

केजकर:

सर्वांचे आभार. ताई, विचारले नव्हते. काल मोठीला फोन केला. ती बराच वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, विहिरीजवळचा चिंचेचा पट्टा कोणाकडे जाणार ते आधी सांग. म्हणजे तिच्या मनात सगळा नकाशा होता. हक्कसोडीचा विषय तूर्त थांबवला आहे.

आत्याला सगळे वाचून दाखवले. तिचा एकच नवा प्रश्न आहे: ज्या घरात मुलगीच झाली नाही, त्या घराचे काय?

बॉयलरवाला:

आत्याबाईंना सांगावे, की अशा घराला तिथे 'पुनाह' म्हणतात, म्हणजे संपलेले. पाच मुलगे असले तरी संपलेलेच. जमीन जवळच्या नात्यातल्या दुसऱ्या काउमकडे जाते. आमच्या एतेकला एकच मुलगी होती आणि ती पाडांगला शिकायला होती. सुट्टीत ती घरी आली की एतेक तिला सकाळी बांधावरून हिंडवून आणायची आणि कोणते खाचर कोणत्या आजीच्या वेळेपासून कोणाकडे आहे ते मोठ्याने म्हणवून घ्यायची.