सगळीकडे शून्य, म्हणजे मूल सावरलं?
‘प्रश्नावलीत कमी गुण आले, म्हणजे मूल सावरलं’ हे मत मला पटत नाही. पूर, अपघात अशा आघातानंतर मुलांना भरायला देतात त्या क्राइस-8 प्रश्नावलीत आठच प्रश्न: चार नको त्या आठवणी घुसण्याचे, चार टाळण्याचे. 40 पैकी 17 किंवा जास्त आले तर पुढची तपासणी. आघातोत्तर तणाव विकाराचं (पीटीएसडी) निदान मुलाखतीतूनच होतं, तेही घटनेला महिना उलटल्यावर.

पुरानंतर आमच्या नववीतल्या एकाने सगळीकडे ‘कधीच नाही’वर खूण केली होती. तेवढ्यात पत्र्यावर सर कोसळली आणि त्याने बाक गच्च धरला, पोरगा पांढराफटक! टाळणं हेच तर लक्षण. प्रश्नावली भरताना मुलांना शेजारच्याला कागद दिसणार नाही असं बसवा. आणि पुढे पाठवायला समुपदेशक ठरलेला नसेल, तर आधी तो शोधा, मग कागद वाटा.