मदत हवी आहे: आजारी मुलांसाठी क्रोशाच्या बोटबाहुल्या, ट्रस्ट आत्ताच काढावा का?

नमस्कार मंडळी,

रुग्णालयातल्या लहान मुलांना क्रोशाच्या बोटबाहुल्या करून देण्याचं काम पुण्यात रीतसर सुरू करायचं आहे. लगेच ट्रस्ट नोंदवावा, की आधी एखाद्या चालू संस्थेबरोबर काम करावं?

जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्ता, किरकटवाडी, नांदोशी या भागात जीबीएसची (गियाँ-बारे सिंड्रोमची) साथ आली, त्यात मीही सापडले. या आजारात आपलीच प्रतिकारशक्ती आपल्या नसांवर उलटते. माझी कमजोरी पायांपासून हातांपर्यंत चढली. आता चालते-फिरते, पण लवकर थकवा येतो आणि बोटांत पूर्वीची ताकद नाही. बोटांना व्यायाम म्हणून थेरपिस्टनी क्रोशा सुचवला. त्यातून आधी पोपट झाला, मग हत्ती, मग मोदक धरलेला उंदीर.

त्या साथीत लहान मुलंही आजारी पडली होती. मोठ्या माणसाला सांगता येतं की बरं व्हायला महिने लागतील. चार वर्षांच्या मुलाला काय सांगणार? 'व्यायाम कर' म्हटलं की ते तोंड फिरवतं. पण पोपटाची मान डोलवायची तर बोट वाकवावंच लागतं, आणि मग तेच मूल तेच बोट आपणहून पुन्हा पुन्हा वाकवतं. म्हणून मला बाहुल्याच द्यायच्या आहेत, खाऊ किंवा वह्या नाहीत.

सुती दोरा रविवार पेठेतून आणते. तीन वर्षांखालची मुलं मणी गिळू शकतात, म्हणून डोळे दोऱ्यानेच भरते. सोसायटीतल्या मैत्रिणी विणायला तयार आहेत. काहीजण पैसेही देऊ करतात, पण पावती देता येत नाही तोवर मी घेणार नाही.

रुग्णालयात परवानगी कुणाकडे मागायची? आणि केमोथेरपी चालू असलेल्या मुलांना अशा बाहुल्या चालतात का?

प्रतिसाद

ताई, तब्येत सांभाळून करा. ट्रस्टची घाई नको. नोंदणीनंतर दरवर्षी हिशेब, ऑडिट, शिवाय विश्वस्त वगैरे बदलले की बदल अर्ज, हे सगळं मागे लागतं. आत्ता ती ताकद विणण्यात जाऊ दे. सोसायटी नोंदणी कायद्याखाली (घरांच्या सोसायटीचा नव्हे) संस्था काढायची तर किमान सात सभासद लागतात. देणगीदाराला करसवलत हवी असेल तर आयकर खात्याची वेगळी मान्यता (लोक तिला ८०जी म्हणतात) घ्यावी लागते, आणि २,००० रुपयांवरच्या रोख देणगीला ती सवलत मिळत नाही. नोंदणीआधी लोकांकडून पैसे गोळा करायचेच असतील तर गणपती मंडळं घेतात तशी धर्मादाय कार्यालयाची कलम ४१ क ची तात्पुरती परवानगी बघा. त्यापेक्षा दोराच मागा.

सरकारी रुग्णालयात समाजसेवा अधीक्षकांना भेटा, सोबत नमुना न्या. बाहुली धुऊन, पूर्ण वाळवून, एकेक वेगळ्या पिशवीत बंद करा. एका मुलाची दुसऱ्याला द्यायची नाही. केमोच्या मुलांसाठी मात्र त्या वॉर्डच्या डॉक्टरांनी हो म्हटल्याशिवाय एकही देऊ नका.

धागाकर्ती (मूळ प्रश्न विचारणारी)

मनापासून आभार. दोऱ्याचं पटलं, तेच करते. आधी जीबीएसमधून बऱ्या होणाऱ्या मुलांपासून सुरुवात करेन. धायरी-वडगाव भागात क्रोशा येणारं कुणी असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. दुपारी चारनंतर माझ्याकडे बसता येईल, लिफ्ट आहे.