मदत हवी आहे : जुन्या दिवाळी अंकांच्या पीडीएफ ग्रुपवर टाकता येतात का?

नेरुळकर
जरा लवकर सांगा, रविवारी मीटिंग आहे. आमच्याकडे जुने दिवाळी अंक आहेत, पानांचा भुगा व्हायला लागलाय म्हणून मुलांनी स्कॅनिंग सुरू केलं. आता पीडीएफ व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकायच्या की नाही यावरून दोन तट पडलेत. कायदा नक्की काय आहे? 'वकिलाला विचारा' एवढंच कृपया सांगू नका.

खाडीकाठ
'आमच्याकडे' म्हणजे घरी, सोसायटीत की वाचनालयात? जुने म्हणजे १९३५ चे की १९८५ चे?

शाईदौत
स्कॅनरवर दाबून धरू नका, शिवण उसवते. स्टँडला मोबाईल लावून वरून फोटो घ्या, दोन्ही बाजूंनी उजेड. कसर लागली असेल तर ते अंक आधी वेगळे ठेवा.

नेरुळकर
फोटोचं विचारलं नव्हतं हो. सोसायटीचं वाचनालय आहे. अंक साठ-सत्तरच्या दशकातले. त्यातले दोन-तीन केव्हाच बंद पडले.

काळाकोट_ठाणे
अंक बंद पडला म्हणून हक्क संपत नाही. लेखी करार करून दिला नसेल तर बाहेरच्या लेखकाच्या कथेचा हक्क सहसा त्याच्याकडेच राहतो. तो गेल्यावर पुढच्या १ जानेवारीपासून ६० वर्षं वारसांकडे. १९६० साली गेलेल्याचं लेखन २०२१ पासून मुक्त झालं. म्हणजे एकाच अंकातली एक कथा मोकळी आणि शेजारची बांधलेली, असं होणार.
कॉपीराइट कायद्यातल्या २०१२ च्या दुरुस्तीनंतर कलम ५२ नुसार, नफ्यासाठी न चालणारं सार्वजनिक वाचनालय स्वतःकडच्या छापील प्रतीची डिजिटल प्रत जतनासाठी ठेवू शकतं. पण जतन वेगळं, वाटप वेगळं. तुमचं वाचनालय बाहेरच्यांना खुलं आहे का?

खाडीकाठ
दिल्ली विद्यापीठाच्या झेरॉक्स खटल्यात २०१६ साली उच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या बाजूने निकाल दिलाच ना? ज्ञान सगळ्यांचं आहे. टाका बिनधास्त.

काळाकोट_ठाणे
तो निकाल वर्गात शिकवण्यासाठी केलेल्या प्रतींचा होता. दिवाळी अंकाला कसा लावता?

अनुराधा_वाशी
'बिनधास्त' वाचून राहवलं नाही. माझा कथासंग्रह आला आणि महिन्याभरात टेलिग्रामवर फिरायला लागला. पाठवणारे सगळे वाचनप्रेमीच. पहिली आवृत्ती अजून प्रकाशकाकडे पडून आहे. मराठीत लिहून घर चालत नाही, निदान विचारा तरी.

खाडीकाठ
ताई, तुमचं पुस्तक दुकानात मिळतं, ते फिरवणं चूकच. पण जे कुठेच मिळत नाही आणि ज्याचे वारस सापडत नाहीत, ते कसरीच्या पोटात जाऊ द्यायचं? आधी ५० वर्षंच होती, १९९२ मध्ये ६० केली. त्यातून वाचकाला काय मिळालं?

काळाकोट_ठाणे
मालक सापडत नसेल तर कलम ३१-अ खाली परवाना मागता येतो. मात्र अर्जाआधी देशाच्या मोठ्या भागात खपणाऱ्या इंग्रजी दैनिकात जाहिरात द्यावी लागते.

खाडीकाठ
मराठी लेखकाचे वारस शोधायला इंग्रजी दैनिक! आणि तो खर्च सोसायटीने करायचा?

शाईदौत
अवांतर : ठाण्याचं मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ सालचं. तिथे एकदा जाऊन विचारा, हे अंक त्यांच्याकडे आधीच असतील तर एवढी मेहनत कशाला?

अनुराधा_वाशी
नेरुळकर, प्रत्येक अंकाची अनुक्रमणिका टाईप करून ग्रुपवर टाका. शीर्षक, लेखक, वर्ष. नुसत्या माहितीवर कुणाचा हक्क नसतो. ज्याला वाचायचंय तो वाचनालयात येईल. यादीखाली 'वारसांनी संपर्क साधावा' असंही लिहा. माझ्या आजोबांची कथा अशा यादीत दिसली तर मी त्याच दिवशी होकार कळवीन.

नेरुळकर
हे पटलं. वाचनालय फक्त सभासदांसाठी आहे, तेव्हा बाहेरच्यांना खुलं करायचा ठरावही रविवारी मांडतो. पण व्यंगचित्रं तरी टाकता येतील ना? त्यात मजकूर कुठे असतो?

काळाकोट_ठाणे
चित्रालाही तोच नियम. चित्रकार हयात आहेत का?