जुना लॅपटॉप परत विंडोज ७ वर नेणं: चूक की शहाणपण?

जुळारी_कराड

गेल्या रविवारी मी माझा २०१४ चा लॅपटॉप विंडोज १० वरून परत विंडोज ७ वर आणला. ओळखीतले दोघे-तिघे म्हणाले, आजच्या काळात असं कुणी करतं का? मी केलं, आणि विचार करून केलं. कारणं लिहितो. ज्यांना पटणार नाहीत त्यांनी जरूर खोडून काढावीत.

आमचं अक्षरजुळणीचं आणि छपाईचं छोटं दुकान आहे. लग्नपत्रिका, पावती पुस्तकं, देवस्थानांचे अहवाल, शाळांच्या स्मरणिका. २००३ पासूनच्या फायली जपून ठेवल्यात. सगळ्या पेजमेकर या पानं मांडायच्या जुन्या सॉफ्टवेअरच्या, आणि त्यांतला मराठी मजकूर युनिकोडमध्ये (आज सगळीकडे चालणाऱ्या अक्षर-संकेतात) नाही, जुन्या फॉन्टमध्ये आहे. यात्रेची पत्रिका दरवर्षी तीच असते. तिथी, तारखा आणि मानकऱ्यांची नावं तेवढी बदलतात. गावकरी येऊन म्हणतात, "मागल्या सालचीच काढा." ती फाइल उघडायची तर पेजमेकर लागतो, तो फॉन्ट लागतो आणि टायपिंगचा तो जुना प्रोग्रॅमही लागतो. हा प्रोग्रॅम डोंगल, म्हणजे यूएसबीत लावायची परवान्याची किल्ली, लावल्याशिवाय चालत नाही.

लॅपटॉप मुळात विंडोज ७ प्रोफेशनलचा. खाली परवान्याचं स्टिकर अजून आहे. २०१६ मध्ये फुकट मिळतंय म्हणून विंडोज १० घेतलं. काही वर्षं ओढलं, पण एका मोठ्या अपडेटनंतर डोंगलचा ड्रायव्हर बसेना. शिवाय ४ जीबी रॅम आणि जुनी फिरती हार्ड डिस्क. सकाळी मशीन चालू करून मी दुकान झाडून घ्यायचो, तरी डिस्कचा दिवा लुकलुकतच असायचा.

परत जाणं सोपं नव्हतं, तेही सांगतो. आधी सगळ्या डिस्कची प्रत बाहेरच्या डिस्कवर घेतली. लॅपटॉपच्या मॉडेलचे विंडोज ७ चे ड्रायव्हर आधीच उतरवून ठेवले, कारण विंडोज टाकल्यावर वायफायसुद्धा ओळखलं जात नाही. टायपिंग प्रोग्रॅमचा इन्स्टॉलर १६-बिट, तो ६४-बिट विंडोजवर उघडतच नाही, म्हणून ३२-बिट विंडोज ७ घेतलं. ते यूईएफआयमधून, म्हणजे यंत्र सुरू करण्याच्या नव्या पद्धतीतून, सुरू होत नाही. त्यामुळे बायोसमध्ये (यंत्राच्या मूळ सेटिंगमध्ये) जाऊन सिक्युअर बूट ही सुरक्षा तपासणी बंद केली, लेगसी म्हणजे जुनी पद्धत चालू केली आणि डिस्कची मांडणी जीपीटीची एमबीआर केली, म्हणजे डिस्क सगळी पुसली. पेन ड्राइव्ह यूएसबी ३ च्या खाचेत लावला तर इन्स्टॉलर अर्ध्यावर ड्रायव्हर मागत थांबला. यूएसबी २ च्या खाचेत लावल्यावर पुढे गेला. सर्व्हिस पॅक १ नंतर केबी ४४९०६२८ आणि केबी ४४७४४१९ ही दोन अपडेट्स हाताने घातली. त्यांच्याशिवाय शा-२ ही नवी डिजिटल सही असलेली पुढची अपडेट्स बसत नाहीत. मग जानेवारी २०२० पर्यंतची सगळी घेतली आणि नेट काढून टाकलं.

आता डोंगल चालतं, २००३ ची फाइल उघडते, आणि रफार जिथल्या तिथे दिसतात. माझं म्हणणं एवढंच: यंत्र ज्या कामासाठी ठेवलंय ते काम ज्या विंडोजवर होतं, ती विंडोज त्या यंत्रासाठी योग्य.

नेटवर्कवाला

मी एका पतसंस्थेचं नेटवर्क सांभाळतो. तुमची अडचण खरी आहे आणि तुम्ही खबरदारीही बरीच घेतलीत. तरीही तुमचं शेवटचं वाक्य मला मान्य नाही.

विंडोज ७ चा आधार, म्हणजे कंपनीकडून मिळणारी सुरक्षा अपडेट्स, १४ जानेवारी २०२० ला संपला. त्यानंतर सापडलेलं प्रत्येक भोक तुमच्या मशीनमध्ये उघडंच राहणार. क्रोमची १०९ ही त्यावर चालणारी शेवटची आवृत्ती. तुम्ही म्हणाल, नेट काढलंय. ठीक. पण छपाई कशी करता? दुकानातला प्रिंटर दुसऱ्या मशीनला जोडून शेअर केला असेल, तर हा लॅपटॉप दुकानातल्या नेटवर्कवर आहेच. आणि गिऱ्हाईक फोटो, मजकूर पेन ड्राइव्हवर आणतं ना?

२०१७ चा मे महिना आठवा. वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस कुणी चुकीच्या दुव्यावर बोट ठेवलं म्हणून पसरत नव्हता, तो नेटवर्कवरून एका यंत्रातून दुसऱ्यात आपला आपण जात होता. त्याची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिली होती. ज्यांनी घातली नव्हती ते सापडले, आणि त्यांत सर्वांत जास्त यंत्रं विंडोज ७ चीच होती. जूनमध्ये नॉटपेट्या हा दुसरा व्हायरस आला आणि आपल्या न्हावाशेव्याला जेएनपीटी बंदरातल्या एका टर्मिनलचं काम ठप्प झालं. तो तर आत शिरल्यावर पासवर्ड चोरून दुरुस्ती केलेल्या यंत्रांवरही जात होता. म्हणजे एक कच्चं मशीन शेजारच्या धडधाकट मशीनलाही घेऊन बुडतं. २०२१ च्या जुलैत प्रिंट स्पूलरमधलं (छपाईची रांग सांभाळणाऱ्या विंडोजच्या भागातलं) मोठं भोक उघड झालं, ते विंडोज ७ लाही लागू होतं. तुमची अपडेट्स त्याआधी दीड वर्ष संपलेली आहेत, आणि तुमचं सगळं काम तर छपाईचं.

देवस्थानाच्या अहवालात देणगीदारांची नावं, पत्ते, फोन नंबर असतात. ते लोकांनी विश्वासाने दिलेले आहेत. हा प्रश्न तुमच्या एकट्याच्या सोयीचा राहत नाही.

गुरुजी_जव्हार

मी जुळारींच्या बाजूने. माझं प्रकरण ११ वरून १० वर येण्याचं आहे. शाळेसाठी स्वतःच्या पैशाने एक वापरलेला लॅपटॉप घेतला, सातव्या पिढीचा आय ३. विंडोज ११ ला इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा लागतो आणि टीपीएम २.० ही यंत्रातली सुरक्षेची सोय लागते. विकणाऱ्याने ती तपासणी चुकवून ११ टाकून दिलेलं. मुलांना व्हिडिओ दाखवायला बसलो की आवाज पुढे आणि चित्र मागे.

११ वर गेल्यावर पहिले १० दिवस सेटिंगमधून मागे जाता येतं, जुनी विंडोज एका फोल्डरमध्ये राखून ठेवलेली असते. मला लॅपटॉप मिळाला तेव्हा ती मुदत उलटून गेली होती, म्हणून सगळं पुसून १० नव्याने टाकलं. परवान्याची अडचण आली नाही, तो त्याच यंत्राशी बांधलेला होता. आता चित्र आणि आवाज बरोबर चालतात. चौथीची मुलं रोज वाट बघतात. वाडीवरच्या शाळेत नवा लॅपटॉप येईल तेव्हा येईल, तोवर जे आहे ते चाललं पाहिजे.

नेटवर्कवाला

गुरुजी, तुमची आणि जुळारींची गोष्ट वेगळी आहे. ज्या यंत्राला ११ अधिकृतपणे चालतच नाही, त्यावर १० टाकणं मी चूक म्हणणार नाही. फक्त १० चा आधारही १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय. घरगुती वापराच्या यंत्रांना एक वर्षाची वाढीव सुरक्षा अपडेट्स आहेत, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. १० ची २२एच२ ही आवृत्ती लागते, आणि मायक्रोसॉफ्टच्या खात्याने आत जाऊन सेटिंगचा बॅकअप चालू केला तर पैसे पडत नाहीत. विंडोज अपडेटच्या पानावरच नोंदणी आहे, ती करून टाका. त्यानंतरचा विचार मात्र आतापासून करायला हवा.

दुरुस्ती_अकोला

चौदा वर्षं झाली लॅपटॉप उघडतोय. दोघांनाही एक विचारतो: विंडोज बदलायच्या आधी डिस्क का नाही बदलली?

माझ्याकडे येणाऱ्या 'हळू चालतो' या तक्रारींत बहुतेक वेळा दोष फिरत्या हार्ड डिस्कचा निघतो. मिनिटाला ५४०० फेरे घेणारी ती तबकडी. विंडोज १० आणि ११ मागे सतत काही ना काही वाचत-लिहीत असतात, तिला दम निघत नाही. विंडोज ७ ची मागची वर्दळ कमी, म्हणून मागे गेल्यावर हलकं वाटतं. पण ही आग रामेश्वरी अन् बंब सोमेश्वरी. साधी २५६ जीबीची साटा एसएसडी, म्हणजे न फिरणारी, चिपवर साठवणारी डिस्क, घाला, रॅमची दुसरी खाच रिकामी असेल तर ४ ची ८ करा, अन् मग सांगा १० हळू आहे का. चार स्क्रू काढायचं काम आहे, तेवढ्यासाठी असुरक्षित विंडोज घेऊ नका.

अन् दुकानदार मंडळींना हात जोडून विनंती, तपासणी चुकवून ११ टाकून गिऱ्हाइकाला देऊ नका. ते आज चालतं, पुढच्या मोठ्या अपडेटला चालेल याची हमी कोणी घेत नाही. ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून काही फार जुने प्रोसेसर पूर्णच बाद झाले, त्यांच्यात पॉपकाउंट नावाची एक सूचनाच नाही.

जुळारी_कराड

दुरुस्तीवाले दादा, एसएसडीचं पटलं, आणि ती मी घालणार आहे. पण माझा मूळ प्रश्न वेगाचा नव्हता. वेग हा दुसरा मुद्दा होता, तो मी आधी लिहायलाच नको होता. एसएसडी घातली तरी डोंगलचा ड्रायव्हर १० वर बसत नाही तो नाहीच.

नेटवर्कवाले, प्रिंटरचं तुम्ही बरोबर ओळखलंत. शेअरच केलेला आहे. त्या दुसऱ्या मशीनवर जीएसटीचं काम आणि बँकेचे व्यवहार होतात. हे वाचून काल रात्री झोप लागली नाही.

पण मला सांगा, माझ्यासारख्याने करायचं काय? नवं सॉफ्टवेअर घ्या, हे उत्तर सगळे देतात. नव्या सॉफ्टवेअरमध्ये या २० वर्षांच्या फायली जशाच्या तशा उघडत नाहीत. एका गावच्या देवस्थानाचा २००७ चा अहवाल त्यांच्याकडेही उरलेला नाही; पुरात कागद गेले. तो फक्त माझ्या डिस्कवर आहे.

मुद्रितशोधक

जुळारींच्या शेवटच्या वाक्यासाठी लिहितोय. मी पुस्तकांच्या जुन्या फायली युनिकोडमध्ये आणण्याचं काम करतो, त्यामुळे ही दुखरी नस ठाऊक आहे.

ज्यांना हे परकं आहे त्यांच्यासाठी थोडं: जुन्या फॉन्टमध्ये मराठी अक्षर साठवलेलंच नसतं. साठवलेलं असतं इंग्रजी अक्षराचं किंवा एखाद्या चिन्हाचं घर, आणि फॉन्ट त्या घरात काना, अर्धा क, रफार यांचा आकार बसवतो. फॉन्ट काढला की मजकूर म्हणजे रोमन अक्षरांचा ढीग. ऱ्हस्व वेलांटी डोळ्यांना दिसते तशी अक्षराच्या आधी साठवलेली, रफार अक्षराच्या नंतर. युनिकोडमध्ये दोन्हींचा क्रम उलटा. परिवर्तक, म्हणजे जुन्या फॉन्टचा मजकूर युनिकोडमध्ये नेणारे प्रोग्रॅम, ही उलटापालट करतात, पण 'मानकऱ्यांची' मधला अर्धा र किंवा रफार यांच्यासोबत अनुस्वार आला की चुकतात. त्याच वेळी वेलांटीही असली तर हमखास. माणसाने वाचल्याशिवाय भागत नाही.

तरीही मी सांगेन की विंडोज ७ ला मुक्काम समजू नका. रोज दोन फायली काढा. आधी पोस्टस्क्रिप्ट (छपाईच्या भाषेतली फाइल) आणि त्यातून पीडीएफ, फॉन्ट आत घालून. म्हणजे निदान रूप तरी कायमचं टिकेल. मग मजकूर परिवर्तकातून नेऊन तपासा. पेजमेकरची शेवटची आवृत्ती २००१ मध्ये आली. डोंगल म्हणजे एक बोटभर प्लॅस्टिक. ते ज्या दिवशी जळेल त्या दिवशी कुठलीही विंडोज तुम्हाला वाचवणार नाही. मागे जाण्याने वेळ मिळतो, आणि तो याच कामात गेला पाहिजे.

एक पर्याय आणखी. ८ जीबी रॅमचं एखादं मशीन मिळालं, तर त्यावर चालू आधाराची विंडोज किंवा लिनक्स मिंट ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टीम ठेवून व्हर्च्युअल बॉक्सच्या (यंत्राच्या आत दुसरं यंत्र चालवणाऱ्या प्रोग्रॅमच्या) आत विंडोज ७ चालवता येतं. यूएसबीचं डोंगल आत सोपवता येतं. सगळीच डोंगलं मान्य करत नाहीत, करून बघावं लागतं. जमलं तर ती अख्खी विंडोज म्हणजे एक फाइल, तिची प्रत काढून ठेवता येते.

नेटवर्कवाला

व्हर्च्युअल मशीनचं उत्तर मला सर्वांत योग्य वाटतं, आतल्या विंडोजचं नेटवर्क कार्ड बंद ठेवून.

पण तोवर जुळारींनी विंडोज ७ वापरावं का, यावर माझं मत बदललेलं नाही. बँकेचे व्यवहार होतात त्या मशीनच्या नेटवर्कवर हा लॅपटॉप एक दिवसही नको. २००७ चा अहवाल अमूल्य आहे हे मान्य, पण म्हणूनच तो ज्या मशीनला कुणी राखणदार नाही त्या मशीनवर एकुलता एक असणं मला जास्त भयंकर वाटतं. खंडणी मागणारा व्हायरस आधी फायलीच कुलूपबंद करतो.

गुरुजी_जव्हार

नेटवर्कवाले, तुम्ही सांगितलेली नोंदणी आज केली, झाली. बॅकअपला नेट लागतं, ते गावात नीट येत नाही, म्हणून तालुक्याला येऊन केली.

तुमचं बोलणं बरोबर असेल, पण एक लक्षात घ्या. तुमच्या संस्थेत मशीन मुदतीला आलं की बदलायला पैसे मंजूर होतात. आमच्याकडे मुदत कंपनी ठरवते आणि पैसे आम्ही उभे करायचे. चांगलं चालणारं यंत्र कागदावरच्या एका तारखेने बाद होतं, याचा राग येणारच. तो राग चुकीचा नाही.

जुळारी_कराड

सगळ्यांचं दोनदा वाचलं. आज केलेलं लिहितो.

प्रिंटरचं शेअरिंग काढलं. लॅपटॉपची केबल ओढली, वायफाय कार्ड डिव्हाइस मॅनेजरमधून बंद केलं. छपाई आता पीडीएफ करून. पीडीएफ ज्या पेन ड्राइव्हवर जाते तो फक्त त्याच कामाचा, त्याला लाल दोरा बांधलाय. गिऱ्हाइकाचा पेन ड्राइव्ह आधी १० च्या मशीनला लागतो, तिथे तपासणी होते, मग लागेल तेवढीच फाइल पुढे. सगळ्या जुन्या फायलींच्या दोन प्रती केल्या, एक घरी कपाटात, एक भावाकडे साताऱ्याला.

विंडोज ७ काढलेलं नाही. नेटवर्कवाल्यांचं म्हणणं यात पूर्ण बसत नाही हे मला कळतं, पण यात्रा सतरा दिवसांवर आली आहे आणि अकरा गावांच्या पत्रिका व्हायच्या आहेत. त्या झाल्या की व्हर्च्युअल बॉक्सवर डोंगल लावून बघतो आणि काय झालं ते इथेच कळवतो.

मुद्रितशोधक, २००७ च्या अहवालाची ६४ पानं आज रात्री पीडीएफ झाली. परिवर्तकातून पहिलं पान नेलं, त्यात देणगीदारांच्या यादीत 'कुर्डे' चं 'कुडेर्' झालंय. अशी आडनावं खूप आहेत. त्यावर तुम्ही काही यादी करून ठेवली असेल तर कृपया द्या.