मदत हवी आहे: जबड्याचा सांधा जुळलाय, ऑपरेशनचा अनुभव आहे का कुणाला?

भाची नऊ वर्षांची. लहानपणी हनुवटीवर आपटली. टाके घातले, पण कानापुढचा सांधा मोडल्याचं तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही. आता तिथे हाडच जुळलंय. तोंड जेमतेम बोटभर उघडतं, चमचा आडवा करून आत सरकवावा लागतो.

सर्जन म्हणतात, जुळलेलं हाड काढून मध्ये कानशिलाचा स्नायू घालू आणि सांध्याच्या जागी बरगडीचा कूर्चेसकट (टोकाच्या मऊ, लवचीक हाडासकट) तुकडा बसवू. ऑपरेशनच्या टेबलावर तोंड 35 मिमी उघडलं तरी नंतर कित्येक महिने तोंड उघडायचे व्यायाम हवेत, नाहीतर सांधा पुन्हा जुळू शकतो.

मला धास्ती त्या व्यायामांचीच (आमची कार्टी साध्या इंजेक्शनला घर डोक्यावर घेते). दुखत असताना मुलांकडून ते कसे करून घेतलेत? आणि बरगडीचा तुकडा नंतर जास्त वाढून हनुवटी एका बाजूला सरकली, असं कुणाच्या बाबतीत झालंय का?