मुंबईच्या मुलाखतीचे पत्र आले, पण जन्मदाखल्यावर नाव नाही आणि लग्नाची दोन वर्षे पुरी व्हायची आहेत

प्रश्न: रंकाळाकाठ (कोल्हापूर)

नमस्कार. माझे पती अमेरिकेचे नागरिक असून न्यू जर्सीत नोकरी करतात, आणि मी कोल्हापुरात एका खाजगी महाविद्यालयात शिकवते. आमचे लग्न कोल्हापुरातच झाले असून येत्या २७ डिसेंबरला त्याला दोन वर्षे होतील. पतींनी भरलेला आय-१३० अर्ज (पत्नीला अमेरिकेत नेण्यासाठीची नातेवाईक-याचिका) मंजूर झाला, नॅशनल व्हिसा सेंटरकडे ३२५ आणि १२० डॉलर अशी दोन्ही शुल्के भरली, डीएस-२६० हा ऑनलाइन व्हिसा अर्ज भरून कागदपत्रे चढवली आणि ती पूर्ण असल्याचा निरोपही मिळाला. आता मुंबईच्या अमेरिकन कॉन्सुलेटमधील मुलाखतीची तारीख आली आहे, ती नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यातील आहे. इतके दिवस ज्या पत्राची वाट पाहिली ते हाती पडल्यापासून मात्र मला रात्री झोप लागत नाही, कारण पुढील चार गोष्टींचा उलगडा होत नाही.

माझी जन्मनोंद बारशाच्या आधीच झाली आणि पुढे नाव घालायचे घरच्यांकडून राहून गेले, त्यामुळे दाखल्यात आई-वडिलांची नावे आहेत, पण माझ्या नावाची जागा रिकामी आहे. शाळा सोडल्याचा दाखला सोबत जोडल्यावर व्हिसा सेंटरने तो स्वीकारला, परंतु मुलाखतीत अधिकारी तेवढ्यावर थांबतील का? दुसरे असे की, पासपोर्टवर माझे माहेरचे नाव आहे आणि आधार कार्डावर लग्नानंतरचे. मुलाखतीपूर्वी पासपोर्ट नव्या नावाने करून घ्यावा का? तिसरे, महाविद्यालयाचा राजीनामा केव्हा द्यावा? आणि चौथे, लग्नाला दोन वर्षे होण्याच्या आत व्हिसा मिळाला तर ग्रीन कार्ड दोनच वर्षांचे मिळते असे ऐकले आहे, ते खरे आहे का?

उत्तर: शाहूपुरीतील वाचक

अभिनंदन, ताई. माझ्या मते सर्वांत आधी पासपोर्ट नव्या नावाने करून घ्यावा. लग्न झाले आहे, तर पासपोर्टवर पतीचे नाव असणे केव्हाही चांगले. अजून पाच-सहा आठवडे हातात आहेत.

उत्तर: बीकेसीला दोनदा

वरील सल्ल्याशी मी नम्रपणे असहमत आहे आणि त्याचे कारण सविस्तर सांगतो, कारण माझ्या पत्नीच्या अर्जाच्या वेळी आम्ही नेमकी हीच चूक करता करता थांबलो होतो.

पासपोर्ट बदलला की त्याचा क्रमांक बदलतो. पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेटवर (गुन्ह्याची नोंद नसल्याच्या दाखल्यावर) पासपोर्टचा क्रमांक आणि नाव दोन्ही असतात, त्यामुळे ते पुन्हा काढावे लागते, आणि डीएस-२६० मधील माहितीही जुनी होते. पोस्टातल्या पासपोर्ट केंद्रात क्लिअरन्सचा अर्ज करता येतो हे खरे, पण नव्या पासपोर्टचे काम आणि त्यानंतरची पोलीस पडताळणी पाच आठवड्यांत आटोपेलच, असे कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. माहेरच्या नावाचा पासपोर्ट ही अडचण मुळीच नाही. व्हिसावर पासपोर्टवरचेच नाव छापले जाते, आणि माहेरचे नाव व लग्नानंतरचे नाव यांना जोडणारा कागद म्हणजे तुमचे विवाह नोंदणी प्रमाणपत्र. डीएस-२६० मध्ये ‘यापूर्वी वापरलेली इतर नावे’ असा प्रश्न असतो. तेथे तुम्ही आधारवरचे नाव लिहिले आहे ना, एवढे मात्र तपासा. लिहिले नसेल तर मुलाखतीच्या सुरुवातीलाच अधिकाऱ्यांना स्वतःहून सांगा.

याच संदर्भात एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. आपल्याकडे नावाच्या मध्ये वडिलांचे किंवा पतीचे नाव घालायची पद्धत आहे, आणि भारतीय पासपोर्टवर मधल्या नावाला स्वतंत्र रकाना नसल्याने ते ‘गिव्हन नेम’मध्येच बसते. परिणामी अमेरिकेतील प्रत्येक कागदावर तुमचे पहिले नाव दोन शब्दांचे होते. माझ्या पत्नीला तिकडच्या दवाखान्यात अजूनही तिच्या वडिलांच्या नावाने हाक मारतात. तो त्रास पुढचा आहे आणि तो तिकडे गेल्यावर निस्तरता येतो. त्यासाठी आत्ता चालत्या अर्जात हात घालू नये.

जन्मदाखल्याबाबत मात्र हातावर हात ठेवून बसू नका. व्हिसा सेंटरने कागद स्वीकारला म्हणजे तो मुलाखत घेणाऱ्या अधिकाऱ्याने मान्य केला असे होत नाही. सेंटर कागद जमा झाले की नाहीत ते पाहते, निर्णय मुंबईतला अधिकारी घेतो. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ च्या कलम १४ मध्ये बालकाचे नाव नंतर नोंदवण्याची तरतूद आहे. नियमांत त्याला पंधरा वर्षांची मर्यादा असली, तरी महाराष्ट्रात ही मुदत वेळोवेळी वाढवली गेली आहे. म्हणून ज्या नोंदणी कार्यालयात जन्माची नोंद आहे तेथे शाळेचा दाखला आणि आई-वडिलांची ओळखपत्रे घेऊन याच आठवड्यात जा आणि सध्या नाव घालून मिळते का ते विचारा. मिळाले तर नवा दाखला आणि जुना दाखला असे दोन्ही सोबत न्या. मिळाले नाही, तर आई आणि वडील या दोघांचीही स्वतंत्र प्रतिज्ञापत्रे करून ठेवा. त्यांत तुमचे पूर्ण नाव, जन्मतारीख, जन्मस्थळ आणि दाखल्यावर नाव का नाही याचे कारण सरळ शब्दांत असावे. बारशाआधी नोंद झाली हे कारण तेथील कर्मचाऱ्यांना नवीन नाही.

वैद्यकीय तपासणी कॉन्सुलेटने नेमलेल्या डॉक्टरांकडेच करावी लागते, घरच्या डॉक्टरांचा अहवाल चालत नाही. छातीचा एक्स-रे, रक्त-लघवी आणि लसींची नोंद असे तिचे स्वरूप असते. कांजिण्या, गोवर, धनुर्वात यांच्या जुन्या लसींचे कार्ड आईच्या कपाटात असेल तर शोधा, नाहीतर त्या लसी पुन्हा टोचून घ्याव्या लागतात. ज्यांना पूर्वी क्षयाचा त्रास झालेला आहे किंवा ज्यांच्या एक्स-रेवर डाग दिसतो, त्यांच्या थुंकीच्या तपासणीत सुमारे दोन महिने जातात, म्हणून तपासणी अगदी शेवटच्या दिवसावर ढकलू नका. फार आधीही करू नका, कारण तपासणीची मुदत साधारणतः सहा महिन्यांची असते आणि व्हिसाची मुदत तिच्याशी बांधलेली असते.

राजीनामा व्हिसा छापलेला पासपोर्ट हातात येईपर्यंत देऊ नये. मुलाखत छान झाली, अधिकारी हसले, ‘मंजूर’ म्हणाले, तरीही नाही. आमच्या हातात पहिल्या दिवशी २२१(जी) चा, म्हणजे कागद अपुरे असल्याने व्हिसा रोखल्याचा, कागद पडला, कारण मी माझे ताजे कर विवरण जोडायला विसरलो होतो. चूक संपूर्णपणे माझी होती. तो कागद म्हणजे कायमचा नकार नव्हे, मागितलेले कागद दिले की काम पुढे सरकते. पण पत्नीने आधीच नोकरी सोडलेली होती आणि विमानाचे तिकीट परत न होणारे होते. त्या सात आठवड्यांत आमच्या घरात कोण कोणाशी काय बोलले, ते येथे लिहिण्यासारखे नाही.

उत्तर: इचलकरंजीकर

आर्थिक हमीपत्राविषयी कोणी बोलले नाही म्हणून लिहितो. आय-८६४ या हमीपत्रात प्रायोजकाचे, म्हणजे येथे पतीचे, उत्पन्न अमेरिकेच्या दारिद्र्यरेषेच्या किमान १२५ टक्के असावे लागते आणि तेही कुटुंबातील माणसे मोजून. पतीची नोकरी असेल तर बहुधा काळजी नाही, परंतु कागद चढवल्यानंतर नवे कर-वर्ष उलटले असेल तर नवे विवरण, अलीकडच्या पगारपावत्या आणि कंपनीचे पत्र सोबत ठेवावे.

उत्पन्न कमी पडले तर मालमत्ता दाखवता येते, पण नागरिकाच्या जोडीदारासाठी ती तुटीच्या तिप्पट असावी लागते आणि वर्षभरात रोखीत बदलता येण्याजोगी असावी लागते. आमच्या ओळखीतल्या एका कुटुंबाने मोठ्या अभिमानाने सासऱ्यांच्या नावचा सात-बारा नेला होता. ऊस कितीही उभा असला, तरी जमीन ना प्रायोजकाची ना अर्जदाराची, त्यामुळे तो कागद परत पिशवीत गेला. सहप्रायोजक घ्यायचा तर तो अमेरिकेत राहणारा, नागरिक किंवा ग्रीन कार्डधारकच लागतो.

रंकाळाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. पासपोर्ट आहे तसाच ठेवते. दोन वर्षांचा मुद्दा अजून राहिला आहे आणि त्यात एक नवा पेच निघाला. आमचे लग्न २७ डिसेंबरला मंगल कार्यालयात झाले, परंतु नोंदणी त्यानंतर जवळपास सहा आठवड्यांनी केली. प्रमाणपत्रावर दोन्ही तारखा आहेत. दोन वर्षे कोठून मोजायची?

उत्तर: बीकेसीला दोनदा

विधीने लग्न लागले त्या तारखेपासून, म्हणजे २७ डिसेंबरपासून. नोंदणी ही झालेल्या लग्नाची नोंद आहे आणि प्रमाणपत्रावर विवाहाचा दिनांक वेगळा लिहिलेला असतो तो त्यासाठीच. (ज्यांनी आधी विशेष विवाह कायद्याखाली नोंदणी पद्धतीने लग्न केले आणि नंतर मांडव घातला, त्यांच्याबाबत मात्र कायद्याने लग्न त्या पहिल्या दिवशीच झालेले असते.) आय-१३०, डीएस-२६० आणि तुमच्या तोंडचे उत्तर, तिन्हीकडे एकच तारीख असली पाहिजे. पतींनी अर्जात चुकून नोंदणीची तारीख लिहिली नाही ना, हे त्यांना आजच विचारा.

आता ग्रीन कार्डाचे. लग्नाला दोन वर्षे होण्याआधी व्हिसा छापला गेला तर त्यावर सीआर-१ असे येते, नंतर छापला गेला तर आयआर-१. परंतु खरा निकष व्हिसाचा दिवस नसून अमेरिकेत प्रवेश करण्याचा दिवस आहे. २७ डिसेंबरपूर्वी उतरलात तर अटींसहित, दोन वर्षांचे कार्ड मिळेल. ते संपण्याआधीच्या ९० दिवसांत पती-पत्नींनी मिळून कार्डावरील अटी काढण्याचा आय-७५१ अर्ज भरायचा, त्याचे शुल्क ७५० डॉलर, आणि संसार एकत्र चालला आहे याचे पुरावे पुन्हा एकदा गोळा करायचे. दोन वर्षे उलटल्यावर उतरलात तर कार्ड दहा वर्षांचे आणि ही कटकट नाही. तेव्हा व्हिसावर सीआर-१ छापलेले असले, तरी विमानतळावरील अधिकाऱ्याला विवाह प्रमाणपत्र दाखवून ‘लग्नाला दोन वर्षे पूर्ण झाली आहेत, आयआर-१ म्हणून नोंद करावी’ अशी विनंती करायची. हे त्याच खिडकीवर करून घ्यावे, कारण चुकीचे कार्ड घरी आल्यावर ते बदलून घेणे वेळखाऊ आहे. आपल्याकडे २७ तारीख उजाडते तेव्हा तिकडे अजून २६ असते, म्हणून काठावरचे तिकीट काढू नका. जानेवारीचा पहिला आठवडा ठीक.

उत्तर: शाहूपुरीतील वाचक

पासपोर्टविषयीचा माझा सल्ला मागे घेतो. प्रवासापुरते सांगतो: महालक्ष्मी एक्सप्रेसने रात्री निघून सकाळी उतरून थेट बीकेसी (वांद्रे-कुर्ला संकुल, जेथे कॉन्सुलेट आहे) गाठायचा विचार करू नये, गाडीला उशीर झाला तर दिवस हुकेल. आदल्या दिवशी मुक्कामाला जावे. मोबाइल आणि बॅग आत नेता येत नाही, तेव्हा सामान सांभाळायला कोणी तरी बाहेर हवे. मुलाखत मराठीत देता येते, माझ्या बहिणीने दिली आहे. तिला पतीची शिफ्ट किती वाजता सुरू होते आणि शेवटचे ते कोल्हापुरात केव्हा आले होते, एवढेच विचारले. सोबत नेलेला लग्नाचा जाड अल्बम कोणी उघडलाही नाही.

रंकाळाकाठ

पतींशी बोलले. अर्जात २७ डिसेंबरच लिहिले आहे. डीएस-२६० मध्ये लग्नानंतरचे नावही आहे. जन्मनोंदणीच्या खिडकीवर काल वडिलांसोबत जाऊन आले. अर्ज घेतला आहे, पुढच्या आठवड्यात बोलावले आहे. तोपर्यंत दोघांची प्रतिज्ञापत्रे वकिलांकडे करायला दिली. मुलाखतीनंतर व्हिसा आला, तर २३५ डॉलरचे इमिग्रंट शुल्क निघण्यापूर्वी ऑनलाइन भरून जानेवारीत निघेन. बँकेतले बचत खाते एनआरओ (परदेशी राहणाऱ्यांचे भारतातील खाते) करायचे असते असे पतींनी सांगितले, त्याचाही फॉर्म आणून ठेवला आहे. महाविद्यालयाचे दुसरे सत्र सुरू झाले असून प्राचार्यांना अद्याप काही सांगितलेले नाही.